सुतकात लावलेला टीव्ही

सुतकात टीव्ही लावला म्हणून मला अजून बोलतात. लावला. का, तेही ऐका.

मी चौथी पास. डोंबिवलीहून ठाण्याला, खोपटच्या डेपोत एसटीच्या गाड्या दुरुस्त करायला जायचो. बायको माझ्याहून कमी शिकलेली, पण शेजारचा पेपर मागून आणून एकच बातमी शोधायची. अमेरिकेचं ते बिनमाणसाचं यान गुरू, शनी, युरेनस करत लांब चाललेलं.

"परत यायचं नाही त्याला, तरी फोटो पाठवतंय," ती म्हणायची. "तुम्ही ठाण्याला गेलात की जिवंत आहात का तेसुद्धा कळत नाही."

"मग मलाही सोड आभाळात."

"आणि डबा कोण पोचवणार?"

आजारपणात म्हणाली, नेपच्यून तेवढा बघायचाय. एकोणनव्वदच्या ऑगस्टात यान तिथे पोचायला पंधरवडाही उरला नव्हता, तेव्हा ती गेली.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवले. कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा ओळखून शब्द द्यायचा असतो. माझा मेव्हणा हात जोडून म्हणाला, "ताई, तुझ्या पोरीचं लग्न मी लावून देईन." कावळा फांदीवरच.

मी पुढे झालो. म्हटलं, "नेपच्यून मी बघतो गं, तुझ्या वाटचा."

"भाऊजी, भटजी ऐकतायत. लाज बाळगा."

"ऐकू देत. तिला काय हवं होतं ते मला माहीत की तुला?"

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मेव्हणा म्हणाला, "बघा, तुमच्या यानाला कावळासुद्धा आला नाही."

"तुझ्या लग्नाच्या शब्दाला तरी कुठे आला?"

तेराव्याच्या आधीच यान पोचलं. संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला मी टीव्हीवरची चादर काढली. मेव्हणा बटणापाशी आला. मी म्हटलं, "हात लावून बघ." नाही लावला. दारात शेजारी जमलेले, त्यांना म्हटलं, बघायचं तर आत येऊन बसा.

गोळा दिसला, अंगावर मोठा डाग. आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. बातम्या देणारी बाई निळा म्हणाली, मी निळा पाहिला.

एवढ्यात बायकोची म्हातारी आई आतून येऊन माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

"हेच का ते?"

"हेच."

"आता पुढे कुठला ग्रह?"

"पुढे त्याच्या वाटेवर ग्रह नाही म्हणतात."

"मग थांबेल?"

"थांबतंय कशाला," मी म्हटलं. "जाणार."

म्हातारीने बटणापाशी उभ्या मुलाकडे वळून सांगितलं, "बाजूला हो जरा. दिसत नाही."