नोरीनची दहा मिनिटं

एकोणीस वर्षांची असताना नोरीन हेबल नेटबॉलच्या सामन्यात चेंडू झेलायला उडाली आणि ताठ पायावर खाली आली. गुडघा आत वळला, वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, लिगामेंट फाटलं आणि तिचं खेळणं संपलं. नंतर चाळीस वर्षं ती गावच्या क्लबच्या मैदानावरच होती; कधी गुण लिहायला, कधी कॅन्टीनमध्ये मटणाचे पॅटिस गरम करायला. शेवटी दुसरं कुणी तयार होईना, म्हणून मुलींच्या संघाचं प्रशिक्षण तिच्या गळ्यात पडलं.

पहिल्या मंगळवारी तिने चेंडूंची पिशवी उघडलीच नाही.

"उडायचं कसं ते तुम्हाला येतं. उतरायचं कसं ते आता शिका. गुडघे वाकवा, आत पडू देऊ नका, आणि आवाज नको."

दर सरावाची पहिली दहा मिनिटं हेच. त्यातच एका पायावर तोल सांभाळणं, पळता पळता थांबून वळणं.

"नोरीन, आपण नेटबॉल खेळणार की बगळे होणार?" कर्णधार ब्रायोनी डुलत म्हणाली.

"बगळ्याचा गुडघा फाटलेला पाहिलायस कधी?"

क्लबचा अध्यक्ष डार्सी पॉल्ट मेंढ्या पाळायचा. कुंपणावर रेलून त्याने सल्ला दिला, "अगं, पोरींना जिंकायला शिकव. जमिनीवर उतरणं माणसाला जन्मतःच येतं." त्याच्या स्वतःच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रियेचे लांबलचक व्रण होते.

त्या हंगामात शेजारच्या मैदानावर पुरुषांच्या फुटबॉल संघातले तिघे गुडघा फाटून खेळाबाहेर गेले. दर वेळी स्ट्रेचर आलं, टाळ्या झाल्या, आठवडाभर त्यांच्या घरी गावाकडून जेवणाचे डबे गेले.

मुलींच्या संघात काहीच घडलं नाही. ऑगस्टमधल्या एका सामन्यात त्यांच्यातल्या टेगनला हवेत असतानाच धक्का बसला. ओल्या कोर्टवर ती एका पायावर आली, गुडघा वाकला, ती डगमगली, सावरली आणि तिने चेंडू पुढे फेकला. कुणी टाळी वाजवली नाही. वाजवण्यासारखं दिसलंच काय? नोरीन मात्र मटकन बाकावर बसली.

बक्षीस समारंभात धैर्याचा चषक कुबड्यांवरच्या तिघांना मिळाला. आठवडाभराने समिती बसली.

"मुलींपैकी एकीलाही इजा नाही," डार्सी म्हणाला. "म्हणजे ती दर सरावातली दहा मिनिटं फुकटच गेली की! पुढच्या वर्षी बंद."

"हमी मी कधीच दिली नव्हती," नोरीन म्हणाली. "पण तू मेंढ्यांना लस टोचतोस ना? रोग आला नाही म्हणून लस बंद करतोस?"

"मेंढ्यांची गोष्ट वेगळी. त्या महाग असतात."

समिती मनापासून हसली. ठराव मंजूर झाला, तरुण प्रशिक्षक आली आणि नोरीन परत कॅन्टीनमध्ये.

नव्या वर्षीच्या पहिल्या सरावाला पोरी दहा मिनिटं आधीच आल्या आणि एकेका पायावर उभ्या राहिल्या. नवी प्रशिक्षक बघतच राहिली.

"हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," ब्रायोनी म्हणाली. "हे केलं नाही तर बूट घालायचे राहिल्यासारखं वाटतं."

कॅन्टीनच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं.

"टेगन! उजवा गुडघा आत पडतोय!"