घरजावयाचा धोंडा

धनाजी आमच्या शेजारी राहतो. मूळचा म्हसवडकडचा, पण लग्न झाल्यावर आटपाडीजवळ आमच्या गावात, सासरीच राहिला. बायको राणी एकुलती एक आणि सासूला, म्हणजे अंबूबाईला, एकटीला मेंढरं आवरेनात. गडी कामाला वाघ. घरजावई म्हणून चिडवलं तरी हसायचा. फक्त धोंड्याच्या महिन्यात त्याचं तोंड उतरायचं.

पंचांगात त्याला अधिक मास म्हणतात. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा तोकडं, ते जुळवायला दर तीनेक वर्षांनी एक महिना जास्तीचा घालतात. आमच्याकडं तो धोंड्याचा महिना, कारण त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. एरवी कुणी विचारत नाही अशा जावयांनाही तेव्हा भाव येतो. पण धनाजी सासरीच, त्याला बोलावणार कुठून? मागच्या खेपेला गावाचे जावई नवे कपडे घालून मिरवत होते आणि हा मेंढरं कातरत बसलेला. मला म्हणाला, "मी ना धड जावाय, ना धड ल्योक. गडीच म्हना की."

मला फार वाईट वाटलं. मी ते अंबूबाईच्या कानावर घातलं.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. अंबूबाईनं फर्मान काढलं, "जावाईबापू, राणीला घिऊन तुमच्या आईकडं जावा. ऐतवारी हिकडं जेवायला या."

"आवं, पर मेंढरं?"

"मी बघती."

रविवारी दोघं एसटीतून उतरली, तर थांब्यावर हलगी! सगळी आळी गोळा झालेली. धनाजी एवढा लाजला की परत एसटीत चढायला लागला, पण कंडक्टरनं घंटी मारली. घरी अंबूबाईनं त्याचे पाय धुतले, फेटा बांधला, पाटावर बसवून तुपात बुडवलेले धोंडे वाढले. "बास, बास" म्हणत पठ्ठ्या खातच राहिला. त्याला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी राणीची ओटी भरली. रिवाजाप्रमाणे अंबूबाई दोघांना वेशीपर्यंत घालवायला आली आणि "या परत" म्हणाली. धनाजी पिशवी धरून वेशीत उभा. आता जायचं कुठं? आम्ही पोट धरून हसलो.

अंबूबाईनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"जावाय गेला," ती म्हणाली. "चल ल्योका, घरी."