दारातली पाचर

फळं साठवायच्या त्या शीतगृहात सगळे त्याला थंडोबा म्हणत. मुकादम असूनही त्याने कधी कुणावर आवाज चढवला नाही. मालकांच्या खोलीतून बाहेर आला की हमालांना सांगायचा, "बघतो म्हणालेत." मालक बघतो म्हणत आणि हा वेळ मारून नेई. राहायला आवारातच दोन खोल्या मिळाल्या होत्या. नोकरी गेली तर डोक्यावरचं छप्परही जाईल, हे बायको त्याला विसरू देत नसे.

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला त्यानेच तिथे चिकटवलं होतं. दाजी मोठे बोलघेवडे. "आमचा मेहुणा थंड, त्याचं काम थंड आणि पगारवाढ तर पार गोठलेली," असं म्हणून हमालांना हसवायचे.

आतल्या मोठ्या खोलीच्या जाड दाराला आतून उघडायची मूठ होती, ती खिळखिळी झाली होती. थंडोबाने मालकांच्या कानावर घातलं. "हंगाम संपू दे, मग बघू," मालक म्हणाले. तो हंगाम संपला, पुढचा आला, मूठ तशीच. शेवटी थंडोबाने लाकडाची एक पाचर करून घेतली. आत जाताना ती दाराखाली सरकवायची, म्हणजे दार मिटत नसे. सगळ्यांना त्याची सवय झाली.

एका संध्याकाळी लवकर निघायचं म्हणून तो दाजींना म्हणाला, "आतल्या पेट्यांवर एक नजर टाका आणि तुम्हीच बंद करून जा."

दाजी घरी आले नाहीत. ट्रकबरोबर गेले असतील असं बहिणीला वाटलं. तसे ते अधूनमधून जात. सकाळी थंडोबानेच दार उघडलं. दाजी उंबऱ्याशीच पडले होते, अंग लाकडासारखं ताठ. निखळलेली मूठ त्यांच्या हातात होती. पाचर दाराबाहेर, ओल्या फरशीवर घसरून पडलेली.

बहिणीने कंपनीवर दावा लावला. मालकांनी थंडोबाला बोलावून घेतलं, खुर्ची दिली. आजवर कधी दिली नव्हती.

"तू एवढंच सांगायचं. पाचर नीट लावायची हे सगळ्यांना बजावलेलं होतं, आणि त्याने ती लावली नाही. यात खोटं काही आहे का?"

खोटं नव्हतं, तीच तर अडचण होती. इकडे मालक, तिकडे पाठची बहीण. घरी बायको म्हणाली, "ताईंसाठी जीव तुटतो माझाही. पण आपण जायचं कुठे?"

कोर्टात तो पिंजऱ्यात उभा राहिला. मालकांच्या वकिलांनी विचारलं तेवढं त्याने सांगितलं. समोर बसलेल्या बहिणीने मान फिरवली. मग तिच्या वकीलबाई उठल्या. त्या भांडल्या नाहीत. एखाद्याला पत्ता विचारावा तशा विचारत राहिल्या.

"पाचर कुणी केली?"

"मी."

"कशासाठी?"

"दार मिटू नये म्हणून."

"मिटलं तर काय होतं?"

"आतून उघडत नव्हतं."

"हे मालकांना माहीत होतं?"

त्याने मालकांकडे पाहिलं. मालक चष्मा पुसत होते. एक शब्द पुरे होता, आणि त्या शब्दाबरोबर दोन खोल्या जाणार होत्या.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला. बोलून गेल्यावर थांबता येईना. "पाचर त्यांनीही पाहिली होती. एकदा पायात आली, तर म्हणाले, जरा बाजूला ठेवत जा."

"आणि तुमचे दाजी सापडले तेव्हा त्यांच्या हातात काय होतं?"

"मूठ."

वकीलबाई न्यायाधीशांकडे वळल्या. "समोरचे वकील म्हणतात, माणसाने पाचर नीट लावली नाही. पण लाकडाचा तुकडा दाराखाली सरकवून माणसांना आत पाठवावं लागतं, तेव्हा धोका ठाऊक असतोच. कामगार आत शिरला की तो बाहेर येईल याची जबाबदारी कंपनीची. मूठ बदलायला सवड होती, बदलली नाही. हा माणूस दारापर्यंत पोचला होता, त्याने मूठ फिरवली होती. मूठ धड असती तर तो चालत घरी गेला असता."

निकाल बहिणीच्या बाजूने लागला. कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, भरपाईचा हुकूम झाला. थंडोबाची नोकरी तर साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी सुटली होती. निकालानंतर खोल्याही रिकाम्या कराव्या लागल्या. कुठे जायचं हा प्रश्न होताच, तेव्हा बहीणच म्हणाली, "मागची खोली पडून आहे. या."

तिथे सामान लावताना तिने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "दादा, दार आतून उघडत नाही हे तुला माहीत होतं. मग यांना एकट्याला का पाठवलंस?"

कोर्टात हे कुणी विचारलं नव्हतं. तो तांब्या धरून उभा राहिला. तिने जरा वाट पाहिली आणि मग ती स्वयंपाकाला गेली.

पुन्हा तिने कधी विचारलं नाही. थंडोबा आता भाजीच्या बाजारात पेट्या मोजून घेतो. रोज संध्याकाळी त्याच घरी परततो, दाजींच्या जागेवर जेवायला बसतो, कारण त्या छोट्या स्वयंपाकघरात बसायला दुसरी जागा नाही. बहीण वाढते. तो मान खाली घालून जेवतो.