साक्षगंधाच्या मांडवातला सापळा

धंतोलीतल्या त्या साक्षगंधाला मी बोलावणं नसताना गेलो होतो. अंगात मेहुण्याचा रेशमी सदरा आणि सदऱ्याखाली सरकारी पिस्तूल. पुढं नोकरीत याहून मोठी प्रकरणं हाताळली, त्यांच्यावर पदकंही मिळाली. पण तो मांडव आठवला की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो आणि वाडीची गोदामं माझ्या हद्दीत येत. एके सकाळी आमचा तिथला खबऱ्या आला. चहा पिऊन झाल्याशिवाय खबर द्यायची नाही, हा त्याचा नियम होता.

"साहेब, कापडाच्या गाठी उचलणार हायेत," तो कपबशी खाली ठेवत म्हणाला. "कुलूप नाही तोडणार. चावीनं उघडणार, तेही भरदिवसा."

चावी एकाच माणसाकडे असे. मौद्याकडच्या शेतकरी घरातला मुलगा, वाडीत भाड्याच्या खोलीत राहून ट्रान्सपोर्ट कंपनीचं गोदाम सांभाळणारा. त्याला ठाण्यात बोलावून घेतलं. चोरीत सामील झालेला माणूस ठाण्यात आला की फार बोलतो, असा माझा अनुभव. हा गप्प होता. हवालदारांनी टेबलावर रूळ आपटून पाहिला. त्याने टेबलालाच त्रास झाला. शेवटी पोरगा एवढंच म्हणाला, "साहेब, येत्या रविवारी माझं साक्षगंध हाये. ते होऊ द्या, मग सारं सांगतो."

आमच्या विदर्भात साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. चार वडीलधाऱ्यांसमोर मुलीला कुंकू लावलं की सोयरीक पक्की.

"साक्षगंध आणि कापडाच्या गाठी यांचा काय संबंध?" मी विचारलं.

मग तो बोलला. वाडीत एकटा राहत असताना, दोन-तीन वर्षं, तो इतवारीपलीकडच्या त्या बदनाम वस्तीत, बायांकडे जात असे. नागपूरकरांना वस्तीचं नाव सांगायला नको. पुढं धंतोलीतल्या एका दवाखान्यातल्या नर्सशी त्याचं स्थळ जुळलं. दोघं दर आठवड्याला दवाखान्यामागच्या बाकावर भेटू लागली (आज याला डेटिंग म्हणतात, तेव्हा 'ओळख वाढवणं' म्हणत) आणि त्याचं वस्तीत जाणं बंद झालं. पण तिथे येणाऱ्या एका पहिलवानानं त्याला पाहून ठेवलं होतं. आता पहिलवानाची मागणी साधी होती. रविवारी कंपनीची सारी माणसं साक्षगंधाच्या जेवणाला येणार, गोदाम ओस पडणार. मांडवाच्या दारात चावी द्यायची. नाही दिली, तर वस्तीतली एक बाई रिक्षात तयार असेल. ती मांडवात येऊन साऱ्यांसमोर नवरदेवाची विचारपूस करेल.

पहिलवानाकडे ट्रक नव्हता. म्हणजे मागं दुसरं कोणी होतं, पण कोण ते पोराला माहीत नव्हतं.

"तिला सांगितलंस का?" मी विचारलं.

"मले नाही जमत, साहेब. तिनं सोयरीक मोडली तर?"

"नको सांगू गा!" हवालदार मध्येच म्हणाले. "मी नाही सांगितलं. इतकी वर्षं झाली लगनाले, काही बिघडलं का?" मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घाईनं जोडलं, "म्हंजे, माझं सांगण्यासारखं काही नव्हतंच म्हणा."

मी पोराला म्हटलं, "तुझी गोष्ट तुझ्यापाशी राहिली असती तर मी तोंड उघडलं नसतं. पण ती आता पहिलवानाच्या खिशात आहे. आज त्यानं चावी मागितली. लग्नानंतर काय मागेल? आणि तिला हे कळायचंच असेल, तर मांडवात बाईच्या तोंडून कळावं की बाकावर तुझ्या तोंडून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दवाखान्यामागच्या बाकावर गेला. मी साध्या वेशात समोरच्या फळवाल्यापाशी संत्री निवडत उभा राहिलो. लांबून ऐकू काही येत नव्हतं. ती आधी उठून उभी राहिली, मग बसली, मग पुन्हा उठली आणि सरळ रस्ता ओलांडून माझ्यासमोर आली. माझ्या वेशांतराची किंमत तिथेच कळली.

"तुम्हीच ठाणेदार ना? मघापासून एकच संत्रा दाबून राहिले." तिनं माझ्या हातातलं संत्रं काढून टोपलीत ठेवलं. "त्यानं सांगितलं मले. उद्या सकाळी त्याले रक्त तपासाले बोलावलं हाये. रिपोर्ट पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही. हे त्यानं मले आधीच सांगाले पाहिजे होतं. नर्स आहे म्हणून नाही, बायको होणार होती म्हणून."

"आणि साक्षगंध?"

"मले राग येऊन राहिला, साहेब. लय राग. पण राग माझा हाये. तो कसा वापरायचा ते मी पाहीन, त्या पहिलवानाले काहून वापरू देऊ? रविवारचं साक्षगंध तुमच्या कामासाठी होऊ द्या. लग्नाचं मी मागून ठरवीन."

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. तो तिनं पाहिला, पर्समध्ये ठेवला आणि होय-नाही काही बोलली नाही. म्हणजे सोहळा खरा की पोलिसी, हे खुद्द नवरदेवालाही ठाऊक नव्हतं. पोलीस खात्यात मी बरेच सापळे लावले, पण पुरणपोळीसकट लावलेला हा पहिलाच.

योजना सरळ होती. नवरदेवानं मुकाट्यानं चावी द्यायची, पहिलवान वाडीला जाईल, ट्रक येईल, आणि गोदामात दडलेली माझी माणसं ट्रकच्या मालकासकट साऱ्यांना पकडतील. धंतोलीत मी आणि हवालदार नुसतं लक्ष ठेवणार. स्टेशन डायरीत नोंद करताना मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हे कबूल करतो.

रविवारी मांडव भरला. गादीवर मधोमध सोयरीक जुळवणारे मध्यस्थ बसले होते. त्यांना मी अध्यक्ष म्हणेन, कारण शहरातलं एकही अध्यक्षपद त्यांनी कधी नाकारल्याचं मी ऐकलं नाही. स्वतःचे चार ट्रक, डोक्यावर गुलाबी फेटा. ते बोलायला उभे राहिले आणि चारित्र्य या विषयावर घसरले. "तरुणांचं चारित्र्य हीच समाजाची दौलत," असं म्हणून त्यांनी नवरदेवाकडे हात केला. नवरदेव तेवढ्यात उठून मांडवाच्या दाराशी गेला.

मी मागोमाग सरकलो. दारात पहिलवानानं हात पुढं केला. पोरानं चावी खिशातून काढली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिशात घातली.

"नाही देत, जा," तो म्हणाला. "तिले सारं सांगितलंय मी. तुले ज्याले सांगायचं त्याले सांग!"

माझी सारी फौज वाडीत, आणि नवरदेवाला शौर्य सुचलं धंतोलीत! पहिलवान क्षणभर गांगरला, मग कोपऱ्यावरच्या रिक्षाकडे धावला. हवालदार त्याच्यामागे धावले. तोवर हिरव्या साडीतली एक बाई रिक्षातून उतरून थेट मांडवात शिरली होती. गप्पा थांबल्या. अध्यक्षांचं भाषण मात्र सुरू होतं. आवाज रंगात आला की ते डोळे मिटून बोलत.

बाईनं कमरेवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि तिच्यासमोर पाण्याचा पेला आला. नवरी स्वतः उठून आली होती. आमच्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी देतात, कोण, कुठले ते मागून विचारतात.

"उन्हातून आल्या. बसा वं बाई, पाणी घ्या."

बाई पेल्याकडे बघत राहिली. असं काही होईल हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दोन घोट पाणी पिऊन तिनं मांडवावरून नजर फिरवली आणि ती नजर गादीजवळच्या अध्यक्षांवर थांबली.

"अगं बाप्पा! शेटजी, तुम्ही?" ती सरळ पुढं गेली. "तुमचाच पहिलवान घेऊन आला ना मले! दर शनिवारी तुमच्यासंग येते तोच. मंग तुम्हीच काहून नाही सांगितलं, लगन तुमच्या घरचं हाये म्हणून?"

अध्यक्षांनी डोळे उघडले. चारित्र्याची दौलत अर्ध्या वाक्यात अडकली. त्यांनी गादीवरून उडी घेतली आणि मांडवामागच्या कनातीकडे झेप टाकली. त्या वयात तशी झेप मी पुन्हा पाहिली नाही. मी पंगतीच्या पत्रावळी तुडवत गेलो, फेट्याचा शेमला हाती लागला, आणि फेटा उलगडत उलगडत आम्ही दोघं आचाऱ्याच्या चुलीपाशी थांबलो. मागून हवालदार पहिलवानाच्या मानगुटीला धरून आले. पंचनाम्याला पंच मिळवताना एरवी आमची दमछाक होते. इथं सारा समाजच हजर होता. मात्र बाईची नजर दुसऱ्यांदा फिरू लागली तेव्हा बरेच प्रतिष्ठित एकदम आपापल्या चपला शोधू लागले.

ठाण्यात पहिलवानानं पहिल्याच प्रश्नाला जबाब दिला. अध्यक्षांचं गाऱ्हाणं वेगळंच होतं. "बाई खरंच आणायला कोणी सांगितलं होतं? नुसतं धमकाव म्हटलं होतं! आणि आणली तीही ओळखीची!" पहिलवानानं वस्तीतलं पहिलं घर गाठून जी आधी दिसली तिला रिक्षात घातलं होतं. त्या बाईला मी साक्षीदार केलं. कोर्टात तिनं दिलेली साक्ष वकिलांना हलवता आली नाही.

ती जोडी पुढं लग्न करती झाली. या वेळी मला रीतसर बोलावणं होतं. तरुण मुलं आजही विचारतात, साहेब, जुनं सांगावं का? मी उपदेश करत नाही. एवढंच म्हणतो की ज्याच्यासोबत आयुष्य काढायचं त्याच्या तब्येतीशी आणि निर्णयाशी ज्याचा संबंध आहे, ते त्याला कळायलाच हवं. आणि ते तुम्ही सांगितलं नाही तर सांगायची मुभा कोणाकोणाच्या हाती जाते, हे मी जवळून पाहिलं आहे. तो पोरगा चावी नाकारताना जसा ताठ उभा होता, तसा मी कुठल्या पदकाच्या समारंभात कोणाला पाहिला नाही. माझा सापळा त्यानं मोडला, तरीही.

लग्नात अक्षता पडल्यावर मी नवरीला हळूच विचारलं, "शेवटी ठरवलंस कधी?"

"रिपोर्ट आला त्याच दिवशी," ती म्हणाली.

"मग साक्षगंधापर्यंत त्याला टांगून का ठेवलंस?"

"थोडं त्यानंही घाबरून राहावं ना, साहेब. त्याले सांगू नका हं."

आजपर्यंत मी सांगितलं नव्हतं.