शालनमावशीच्या पेशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

अंधेरीत एका प्रयोगशाळेत मी काम करते. पित्तनलिकेचा कॅन्सर कसा पसरतो, कुठल्या औषधाला दाद देतो, हे आम्ही पेशी वाढवून बघतो. दिंडोशीला आमच्या खालच्या मजल्यावर शालनमावशी राहायची. तिला नेमका तोच आजार निघाला. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा तिने सही करून संशोधनाला दिला — आणि तो आमच्याकडेच आला. डबीवर नाव नसतं, नुसता नंबर. पण ऑपरेशनचा दिवस मला ठाऊक होता. ओळखला मी. मावशीला सांगितलंही.

"माझ्या पेशी काय म्हणतत गो?" जिन्यात भेटली की विचारायची. हॉस्टेलवर ठेवलेल्या पोरीची चौकशी करावी तशी.

दहा-बारा दिवसांत त्या मेल्या. बुरशी लागली. पेशींना खाऊ घालायच्या द्रावणाची एक बाटली उघडी राहिली होती. फेकून द्यायला हवी होती, मला कळत होतं — तरी वापरली. घाई होती? कंटाळा? आता काय फरक पडतो? मॅडमना सांगितलं, नमुना रुजलाच नाही. तसं होतंही बऱ्याचदा. कुणी काही विचारलं नाही.

पण सांगायचं आहे ते हे नाही.

केमोच्या तीन फेऱ्यांनंतर मावशी पार गळून गेली. पुढे घ्यायची की थांबायचं, हे डॉक्टरांनी तिच्यावर सोडलं होतं. एका दुपारी ती कशीबशी जिना चढून माझ्याकडे आली. बराच वेळ नुसती धापा टाकत बसली. मग म्हणाली, "खरा सांग. औषध लागू पडता काय? नाय तर मी गावाक जातंय, भावाकडे."

मला माहीत नाही — एवढं म्हणता आलं नसतं? पण मग तिने पेशींचं विचारलं असतं.

मी म्हटलं, "मरतायत मावशी. औषधाने मरतायत तुझ्या पेशी."

तिने माझा हात घट्ट धरला. संध्याकाळी मुलीला, सुजाताला, गावचं तिकीट रद्द करायला लावलं. अजून तीन फेऱ्या घेतल्या. तोंडभर फोड आले, पाणीसुद्धा गिळवेना. शेवटच्या फेरीनंतर आठवड्याभरात गेली, हॉस्पिटलातच.

तेराव्याला सुजाता सगळ्यांसमोर म्हणाली, "ताई, तू धीर दिलास म्हणून आई एवढी लढली." मी मान हलवली. पानात वाढलेलं सगळं जेवले. रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

परवा सुजाताने विचारलं, "आईच्या पेशी अजून आहेत ना गं तुमच्याकडे?"

मी म्हटलं, आहेत.