फक्की लागलेला बॉल

सत्तरच्या दशकात नागपुरात बॉल बॅडमिंटनला खेळाडू कमी आणि पदाधिकारी जास्त होते. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, तीन उपाध्यक्ष, सेक्रेटरी, सहसेक्रेटरी, आणि प्रत्येकाच्या छातीवर कागदी फूल. खेळ साधा. पिवळ्या लोकरीचा घट्ट बॉल, लाकडी रॅकेट, जाळीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच जण. खेळायला कुठलंही मोकळं मैदान पुरे. पदाधिकाऱ्यांना मात्र मांडव लागायचा, सतरंज्या लागायच्या, आणि मांडवात फिरून लिंबाचं सरबत द्यायला आम्ही लागायचो.

आम्ही म्हणजे शाळांमधल्या पी.टी.च्या बाया. मी प्रताप नगरकडच्या एका मुलींच्या शाळेत होते. कॉलेजात चार वर्षं खेळले होते. खेळाचे नियम मला सेक्रेटरींपेक्षा चांगले पाठ होते, आणि त्यात काही मोठेपणा नाही, कारण त्यांना ते पाठच नव्हते. तरी दर स्पर्धेला माझ्या हातात ट्रे. तो खाली ठेवायचा एकच रस्ता होता, पंचाची परीक्षा. पास झालेल्याला पितळी बिल्ला मिळायचा, आणि बिल्लेवाल्याला कोणी सरबत वाटायला सांगत नसे. मला तो बिल्ला हवा होता. खेळाची सेवा, स्त्रियांची प्रगती वगैरे भाषणं मागाहून माझ्या नावावर खपवली गेली. मला बिल्ला हवा होता, बस.

वडील गांधीबागेत कापडाच्या दुकानात दिवाणजी होते. त्यांनी अर्ज पाहिला आणि म्हणाले, "लोकाईच्या भांडणात मधात पडायची तुले एवढी हौस काहून वं?"

"भांडण नाही बाबा, खेळ आहे."

"मंग त्याले पंच कायले लागते?"

मी नेहमीप्रमाणे त्यांना यातलं काही कळत नाही असं ठरवून टाकलं.

लेखी परीक्षेला अकरा जण होतो, दहा पुरुष आणि मी. शेजारचे गृहस्थ माझ्या पेपरावर इतके ओणवे झाले होते की त्यांच्या केसांच्या तेलाचा डाग माझ्या उत्तरपत्रिकेवर पडला. ते माझ्यापेक्षा दोन मार्कांनी वर आले. मग तोंडी परीक्षा. सेक्रेटरींनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्यात सरकवला आणि विचारलं, "पंचाचा पयला गुन कोनता?"

मी म्हटलं, "नजर."

त्यांनी मान हलवली. "आवाज. तोंडातून निघालं का निघालं. मांगं घेतलं का पंच मेला."

बाकीच्या दहा जणांनी हे वहीत उतरवून घेतलं. मी मनातल्या मनात हसले. हसणं सोपं होतं, कारण अजून माझी वेळ आली नव्हती.

राहिलं प्रात्यक्षिक. जिल्ह्याच्या स्पर्धेत मुलींचा एक सामना मला द्यायचं ठरलं. सेक्रेटरी मागे उभे राहून मार्क देणार होते. आमच्याकडे पंचाची उंच खुर्ची नव्हती. टेबलावर लाकडी खुर्ची ठेवायची आणि पंचानं वर चढून बसायचं, अशी पद्धत. त्या दिवशी मी टेबलाकडे निघाले तर सेक्रेटरी आडवे आले.

"बाई, तुमी खालीच बसा. साडीत वर चढान, पडल्या-बिडल्या तं? अन् लोकं काय म्हनतीन?"

शाळेच्या टाकीवर चढून पाणी किती आहे ते रोज मीच पाहत होते, तेही साडीतच. पण त्यांच्या हातात मार्कांचा कागद होता. खुर्ची खाली उतरवली गेली आणि रिकाम्या टेबलावर अध्यक्षांच्या हारांची टोपली ठेवली. हारांना सगळं कोर्ट छान दिसत असणार. मला खालून समोरच्या रेषेऐवजी मुलींच्या पोटऱ्या दिसत होत्या.

त्या रेषेसाठी म्हणून तिकडे एक लाइनमन बसवला होता. तो सहसेक्रेटरींचा मेव्हणा, आणि त्याची तेवढीच पात्रता होती.

एक संघ शहरातल्या शाळेचा होता, दुसरा उमरेडचा. उमरेडच्या मुली पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. त्यांची कॅप्टन विणकराच्या घरातली, काटकुळी, पण मनगट असं की बॉल सुटला की नुसती पिवळी रेघ दिसायची. जिंकणारा संघ जिल्ह्यातर्फे पुढं जाणार होता. सामना तिसऱ्या गेमपर्यंत ताणला गेला. शेवटी शहरवाल्यांना एकच पॉइंट हवा होता आणि सर्व्हिसही त्यांचीच होती. त्या कॅप्टननं बॉल समोरच्या कोपऱ्यात मारला. पोटऱ्यांच्या पलीकडे तो कुठं पडला ते मला दिसलं नाही. मी लाइनमनकडे पाहिलं. तो पाठमोरा होता. गाडीवाल्यानं त्याच्या हातात तर्रीपोह्यांची प्लेट नुकतीच दिली होती आणि तो तर्री अजून वाढून मागत होता.

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "आऊट."

शहरवाल्या मुली नाचायला लागल्या. ती कॅप्टन जाळीखालून पलीकडे गेली, बॉल उचलला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"बाई, हे पाहा ना. फक्की लागून हाये."

रेषा चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या होत्या. पिवळ्या लोकरीवर बोटभर रुंद पांढरा पट्टा उमटला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? बॉल रेषेवर पडला होता. मला ते दिसलं, आणि मला दिसलंय हे तिला दिसलं. एक शब्द बोलले असते तर सामना पुढं चालू राहिला असता. जिंकल्या असत्या की हरल्या असत्या, कोण जाणे. पण माझ्या मागे सेक्रेटरींची पेन्सिल थांबली होती. मला मान वळवायचीही गरज नव्हती.

मी बॉल तिच्या हातातून घेतला. अंगठ्यानं फक्की पुसली. दोनदा घासावं लागलं, लोकरीत ती शिरली होती. मग बॉल तिला परत दिला आणि म्हटलं, "आऊट." आवाज ठाम होता.

तिनं बॉल फिरवून पाहिला, जिथं पांढरं होतं तिथं पाहिला, आणि खांबाशी ठेवून दिला. ती रडली नाही. रडली असती तर मी तिला खिलाडू वृत्तीवर दोन शब्द ऐकवले असते, मला तेवढीच सोय झाली असती.

"याले म्हन्तात पंच," सेक्रेटरी मांडवात सगळ्यांना सांगत होते. "वाद वाढूच नाही देल्ला." बाईच्या छातीला बिल्ला कसा लावायचा हा त्यांना पेच पडला, म्हणून बिल्ला ट्रेमध्ये ठेवून दिला. ट्रे सरबताचाच होता. पुढच्या वर्षी मी सरळ टेबलावर चढले. कोणी अडवलं नाही. वरून चारही रेषा स्वच्छ दिसत होत्या, आणि त्या दिवशी न चढल्याची मला स्वतःची किळस आली. त्या सगळ्या कागदी फुलवाल्यांना मी वर्षानुवर्षं हसत आले होते. आता त्यांच्या पंगतीत माझंही पान होतं.

पाच-सहा वर्षांनी मला परीक्षकांमध्ये घेतलं. सेक्रेटरी तेच, तोबराही तोच. तोंडी परीक्षेला उमरेडची ती कॅप्टन आली. आता साडीत होती, गावातल्या शाळेत पी.टी. शिकवत होती. मला तिनं ओळखलं, पण नमस्कार दोघांना सारखाच केला.

"समजा, तुमी आऊट देल्ला," सेक्रेटरींनी विचारलं, "अन् खेळाडूनं फक्की लागलेला बॉल आनून दाखवला. तं काय करान?"

"अंगठ्यानं पुसून वापस द्याचा," ती म्हणाली. "एकदा पुसून नाही निघत. दोनदा घासा लागते."

सेक्रेटरींनी मांडीवर थाप मारली. "वा. कोनं शिकवलं वं तुले?"

"ह्याच बाईंनी."

त्यांनी पैकीच्या पैकी मार्क लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी सही केली.