प्रबंधातला शेर

"झाडायला आलीस का? मागच्या दारानं ये."

विद्यापीठाच्या ग्रंथालयात काउंटरवरचे ग्रंथपाल मान वर न करता म्हणाले. मी म्हटलं, एक प्रबंध वाचायचाय. तेव्हा त्यांनी मान वर केली. पायांपासून बघायला सुरुवात केली आणि चेहऱ्यापर्यंत यायच्या आत निकाल दिला. सभासद नाही, मार्गदर्शकाची सही नाही. प्रबंध मिळणार नाही.

मी बारावी शिकलेली. गावच्या दूध सोसायटीत दुधाचं फॅट मोजते. प्रबंध वनस्पतींच्या औषधांनी जनावरं बरी करण्यावरचा होता. त्यातलं एक औषध माझ्या आईचं, असं मी सांगितलं. ते शेजारच्या बाईंना म्हणाले, "घ्या. आता शेळ्या वळणाऱ्यांनापण संदर्भसेवा द्या." बाई हसल्या. मी हलले नाही.

मी नऊ वर्षांची असताना मोठा दुष्काळ होता. धर्मापुरीच्या पलीकडं एका सहकारी साखर कारखान्यानं जनावरांची छावणी उघडली. उद्घाटनाला चेअरमननी गाईला झेंडूचा हार घातला. गाईनं तो खाल्ला. छावणीतला पहिला चारा तोच. आमची दावण सगळ्यात शेवटी, शेणाच्या ढिगाला लागून. टँकरच्या नळीला आईला हात लावू देत नसत. पाणी वरून ओतायचे.

मग चेअरमनच्या भावाच्या बैलाचा पाय मोडला. आई जनावरांची मोडकी हाडं बांधायची, म्हणून छावणीचा मुकादम आमच्याकडं पळत आला. आईनं लेप लावला, कामट्या बांधल्या. दीड महिन्यात बैल चालायला लागला. पाणी तरीही वरूनच.

ही बातमी ऐकून विद्यापीठातले एक संशोधक जीपनं आले. आईला विचारलं, लेप कशाचा? आमच्यात औषधाचं नाव तोंडानं घेत नाहीत. घेतलं की गुण जातो. आई पहाटे एकटीच डोंगराकडं जायची आणि वाटूनच पदराखाली आणायची. मलाही तिनं फक्त वेलीवर हात धरून दाखवलं होतं. ती गप्प राहिली. साहेबांनी मुकादमाला विचारलं. मुकादमाला काहीच ठाऊक नव्हतं. पण जीपमधून आलेल्या माणसासमोर ठाऊक नाही कसं म्हणणार?

"शेर हाय, साहेब," तो म्हणाला.

शेर म्हणजे कुंपणाचा. मोडला की पांढरा चीक गळतो, कातडीला लागला की भाजतो. आईनं मान हलवून नाही म्हटलं. साहेब वहीत लिहीत होते.

आई गेल्यावर कितीतरी वर्षांनी आमच्या सोसायटीनं एक पुस्तिका वाटली. त्याच प्रबंधावरून काढलेली. गावातल्या एकानं ती वाचून वासराच्या मोडक्या पायावर शेर वाटून बांधला. कातडी सोलून निघाली. तो वासरू घेऊन माझ्या दारात आला.

"तुझ्या मायचंच औषध हाय म्हणं हे. कावून जाळलं माझं वासरू?"

म्हणून मी त्या काउंटरवर उभी होते. चार वाजेपर्यंत. शेवटी मला घालवायचं म्हणून ग्रंथपालांनी प्रबंध आपटला. दहा मिनिटं, उभ्यानंच.

ऋणनिर्देशात चेअरमन होते, व्हाइस चेअरमन होते, मुकादम होता, जीपचा ड्रायव्हरसुद्धा होता. आई आतल्या पानावर होती: 'एक अशिक्षित वृद्धा'. आई तेव्हा बत्तीस वर्षांची होती. त्याच ओळीत पुढं: शेर.

मी म्हटलं, हे चूक आहे, जनावरं भाजतात. ग्रंथपालांनी विचारलं, बरोबर काय ते कुठल्या ग्रंथात आहे? मी म्हटलं, कुठल्याच नाही.

"मग चूक कशी?"

आतल्या भिंतीवर पाटी होती, शांतता राखा. आईनं जन्मभर राखली होती. तिच्या गप्प बसण्याच्या जागेत मुकादमानं आपलं अज्ञान भरलं, विद्यापीठानं त्याला पुठ्ठ्याची बांधणी केली आणि कपाटाला कुलूप लावलं. माझ्या तोंडात ते नाव होतं. आजवर ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"कांडवेल," मी म्हटलं. मोठ्यानं. वाचणाऱ्या पोरांनी माना वळवल्या. "चार धारांची. चीक न्हाई तिला. माझ्या मायनं लावली हुती, गयाबाईनं."

ग्रंथपाल म्हणाले, बाहेर व्हा. मी आधी अर्ज लिहिला, मग बाहेर झाले. अर्ज त्यांनी घेतला नाही. मी तो टपालानं कुलगुरूंना पाठवला. उत्तर आलं नाही. दुसरा पाठवला.

गुण गेला नाही. त्या वासराच्या जखमा भरल्यावर मी त्याच्याच पायाला कांडवेल बांधली. आता सोसायटीत दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला मी वेल हातात देते, नाव सांगते, कुणाचं औषध तेही सांगते. अर्ज चालूच आहेत.

कधीतरी त्या पानावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावीच लागेल. तिच्यावर आधी गयाबाई लिहायचं, मग कांडवेल. नुसती कांडवेल लिहून चिकटवली, तर ती मी जाऊन फाडणार आहे.